पहिल्या ढोलाचा मान

उम्म अल हस्सम, बहरीन, १८ एप्रिल २०२५, शुक्रवार

विठू,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. तो द्यायचा की नाही, ते मी पत्र संपताना ठरवीन. सध्या हात आखडता घेतलाय.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस. केलंस तर केलंस. मी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे. तुला कडेवर घेऊन फिरवायचे तेव्हा ब्लॉक करायचं बटण असतं, तर मीच आधी दाबलं असतं. आपल्या पथकातला सुयोग उद्या सुट्टीवर चिपळूणला चाललाय. त्याच्या बॅगेत टायगर बामच्या सहा बाटल्या आणि त्यांच्यामध्ये हा कागद घालते. बाम माझ्या भावजयीच्या, लक्ष्मीच्या गुडघ्यांसाठी आहे. तू चोळत बसू नकोस.

मला पैसे नकोत. हे आधीच लिहिते, नाहीतर तू पुढे वाचायचा नाहीस. मला एकाच गोष्टीचं उत्तर हवंय. तू गेलास, की पळालास?

कारण झालं काय, ते तुला आठवत नसेल तर सांगते. गेल्या अनंत चतुर्दशीला क्लबच्या हॉलमध्ये आपल्या खाडीपार ढोलताशा पथकाचा लिलाव होता. नारळांची जोडी सात दिनारला गेली, मोदकांचं ताट अकराला. मग पुढच्या वर्षीच्या पहिल्या ढोलाचा मान पुकारला. मिरवणूक निघताना पहिला ठोका कोणी टाकायचा, त्याचा मान. मी मानाचा नारळ हातात धरून पुढे उभी होते, पुकारा माझाच. पंचवीस दिनारपासून बोली निघाली. बाकीचे शंभरच्या आत गळाले. राहिलात तू आणि परीक्षित. परीक्षित पाचशे ऐंशी म्हणाला आणि तू मांडीवर थाप मारून ओरडलास, "सहाशे!" एक वार, दोन वार, तीन वार. खलास. तीन महिन्यांचा तुझा पगार, विठू. लोक खुर्च्यांवर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

गावच्या रीतीप्रमाणे पैसे पुढच्या बाप्पाच्या आधी द्यायचे. गावात ते चालतं. गावात बोली बोललेला माणूस पळून पळून जाणार कुठे? फार तर चिपळूण स्टँडपर्यंत. इथे आज जेवायला बसलेला माणूस उद्या विमानात असतो. व्हिसा संपला की माणूस संपला. तरी आपण चाळीस शहाण्यांनी गावची रीत जशीच्या तशी इथे आणली, आणि कुणाच्या डोक्यात हे आलं नाही.

तुझ्या त्या सहाशेच्या जिवावर मी पुण्याला बारा नवे ढोल सांगितले. सांगायलाच हवे होते. अरादच्या गाळ्यात ऑगस्टभर एसी बंद राहिला आणि जुन्या ढोलांची निम्मी चामडी दमट हवेनं कुजली, हे तूच बघितलंस. पथकाच्या गाठीला होते दोनशे दिनार, ते आगाऊ दिले. बाकीचे सहाशे माल आल्यावर. माल आला. कार्गोवाल्याच्या गोदामात बारा ढोल गोणपाटात गुंडाळून पडलेत आणि तो म्हणतो, पैसे आणा, ढोल न्या. श्रावणापर्यंत थांबेन, मग परत पाठवीन.

आणि तू सव्वीस फेब्रुवारीला, रमजान लागायच्या तोंडावर, बॅग उचलून निघून गेलास. मला कळलं कधी? तर दुसऱ्या दिवशी, ईसा टाउनला शाळेच्या बसमधून पोरं उतरवताना. तुझ्या खोलीवरच्या झुबेरचा फोन आला, "रत्नाबाय, विठ्ठल गेला." माझ्या हातातली डब्याची पिशवी खाली पडली. मला आधी भलतंच वाटलं. एक पोरगी मला विचारते, "आंटी, हू डाइड?" मी म्हटलं, अजून कोणी नाही, पण मरेल.

आता नियम कोणाचे? तुझेच. सुपारी घ्यायची नाही. वाजवायचे पैसे घेतले की पथकाचा बँडबाजा होतो, हे तुझंच वाक्य. महिन्याला माणशी तीन दिनार वर्गणी, तीही निम्मे बुडवतात, त्यात गाळ्याचं साठ दिनार भाडं कसंबसं निघतं. दारोदार पावतीपुस्तक घेऊन हिंडायला इथे परवानगी लागते. मग राहिला लिलाव. आणि त्यातच तू तोंडाला पानं पुसलीस.

परीक्षित त्याच्या कंत्राटदार शेठसाठी बोली लावत होता, की आणखी कोणासाठी, ते मला विचारू नकोस. मला काय ठाऊक?

आशीर्वाद राखून ठेवला आहे.

आक्का

उम्म अल हस्सम, ३० मे २०२५, शुक्रवार

विठू,

सुयोग परत आला. म्हणतो, तू बाम घेतलास, पत्र न उघडता खिशात घातलंस आणि त्याला चहाही विचारला नाहीस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आपल्या बापानं शिमग्याच्या पालखीच्या पुढच्या दांडीसाठी सख्ख्या चुलत्याशी अकरा वर्षं अबोला धरला होता. तू त्याचाच. मीही त्याचीच आहे, हे विसरू नकोस.

काल मी झुबेरला बोलता केला. त्याला घावणे आणि नारळाचा रस दिला की त्याच्या पोटात काही राहत नाही. सातवा घावणा खाताना म्हणाला, "रत्नाबाय, विठ्ठलनं मला शपथ घातलीय."

मी म्हटलं, "शपथ घातलीय ना? मग आठवा घावणा मिळायचा नाही."

मग त्यानं सांगितलं. कंपनीनं तुला व्हिसा वाढवणार नाही म्हणून सांगितलं ते लिलावाच्या आठ दिवस आधी. आधी! म्हणजे पुढच्या चतुर्दशीला आपण या देशात नसणार, हे तुला ठाऊक होतं आणि तू पुढच्या चतुर्दशीच्या पहिल्या ठोक्यासाठी सहाशे दिनार बोललास. मी पोळपाट आपटला. झुबेर बिचारा दचकून उठला. मी म्हटलं, ह्याला माणूस म्हणायचं की काय? जो ढोल वाजवायला आपण नसणार, त्याच्यावर बोली?

झुबेर म्हणाला, "त्याला तेच तर हवं होतं. म्हणायचा, मी नसलो तरी पहिला ठोका माझ्या नावानं पडेल. नोकरीच्या हिशेबाचे पैसे आले की आधी सहाशे बाजूला काढीन आणि मगच विमानात बसेन. काढलेही होते. पाकिटावर 'ढोल' असं लिहून गादीखाली ठेवलं होतं."

आणि मग लक्ष्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. हिशेबाचे पैसे आले ते ठरल्याच्या निम्मे. पाकीट फोडावं लागलं.

मी तिच्यासाठी बाम पाठवला होता. सहा बाटल्या! ती काय म्हणाली असेल मला? लक्ष्मीला सांग, आक्काला माहीत नव्हतं. एवढं तरी सांग. तिचं पाऊल टेकतं का, जिना चढते का, तेही मला कळत नाही, कारण तू साऱ्या घराचं तोंड शिवून ठेवलंयस.

मला राग त्या सहाशेचा नाही. तू मला सांगितलं नाहीस त्याचा आहे. तुझ्या खोलीपासून माझं घर पायी बारा मिनिटांवर. दर शुक्रवारी माझ्याकडे जेवायचास. माशाचं कालवण ओरपत होतास आणि पोटात एवढं घेऊन बसला होतास? मी काय तुला खाल्लं असतं? बोलले असते खूप, ते खरं. पण आधी बोलले असते आणि मग काहीतरी केलं असतं. माझी रीत तुला ठाऊक आहे.

आता इथलं ऐक. आपली चिटणीस ज्योत्स्ना नियमाला फार कडक. इस्पितळात मशीन दुरुस्त करते ना, तिला प्रत्येक स्क्रू जागेवर लागतो. ती म्हणाली, "रत्नाताई, बोली बुडवणाऱ्याचं नाव गणपतीआधी फळ्यावर लावायचं असं लिलावाच्या वहीत लिहिलंय. खाली विठ्ठलभाऊंचीच सही आहे."

मी म्हटलं, "माझ्या भावाचं नाव फळ्यावर लागलं तर फळा भिंतीवर राहायचा नाही."

ती हसली नाही. म्हणाली, "ठीक आहे, ऑगस्टपर्यंत थांबते." मुलगी सरळ आहे. चौदा एप्रिलला तिच्या लोकांच्या जयंतीच्या कार्यक्रमात आपण वाजवलं, तेव्हा त्यांनी मानधन विचारलं. मी तुझा नियम सांगितला. तर तिनं सगळ्यांसमोर थाळी फिरवली आणि बेचाळीस दिनार गाळ्याच्या भाड्यासाठी माझ्या हातात दिले. म्हणाली, "हे वाजवण्याचे नाहीत. हे पथक टिकण्याचे आहेत." तुझा नियम तिनं तुझ्यापेक्षा जास्त पाळला.

परीक्षित सरावाला येत नाही आताशा. का येत नाही, ते मला माहीत नाही.

हे पत्र पोस्टानं टाकतेय. खिशात घालायला सुयोग नसेल, पोस्टमन असेल. त्याला तरी चहा विचार.

आक्का

अराद, गाळ्यातून, ११ जुलै २०२५, शुक्रवार

विठू,

आज तुला राग येईल असं लिहिणार आहे, तर घोटभर पाणी पिऊन घे.

आम्ही सुपारी घेतली.

हो. घेतली. उम्म अल हस्सममध्ये नवीन सुपरमार्केट उघडलं, त्यांना उद्घाटनाला ढोल हवे होते. क्लबमार्फत रीतसर बोलणं झालं, दीडशे दिनार. चौदा जुने ढोल, दोन ताशे, एक झेंडा. आम्ही साबणांच्या डोंगराच्या आणि अंड्यांच्या भिंतीच्या मधोमध उभे होतो. मी ताशावर पहिली काडी टाकली आणि मॅनेजर धावत आला, "आंटी, आंटी, थोड़ा धीरे, अंडे हैं!" तीस-तीसचे ट्रे थरथरायला लागले होते. मी म्हटलं, "भाई, ढोल है, लोरी नहीं है. अंडे हटाओ." त्यांनी अंडी हटवली. लोक सामान सोडून नाचायला लागले. एक म्हातारा बहरीनी टोपी काढून हातात घेऊन पाच मिनिटं उभा राहिला आणि जाताना प्रत्येकाला इथल्या ताकाची, लबानची, एकेक बाटली देऊन गेला.

तू म्हणशील, बँडबाजा झाला. झाला तर झाला! ज्याचा ढोल गोदामात अडकलाय, त्यानं नाकानं कांदे सोलू नयेत. नियम करणारा निघून गेला आणि भाडं भरणारी मी मागे राहिले. भाडं भरणारीला नियम मोडायचा हक्क असतो, असं माझं मत आहे.

त्या दीडशेत सरावानंतरच्या वडापावचे तीन शुक्रवार मिळवले, आणि वर बाकीच्यांनी खिशातून घातलेले. तीनशे झाले. कार्गोवाल्याला दिले. सहा ढोल सुटले, सहा अजून गोदामात. सुटलेले सहा आत्ता माझ्यासमोर आहेत. गोणपाट मीच फाडलं. नवं लाकूड, नवी दोरी. एका ढोलावर नुसतं बोट मारलं तर गाळाभर घुमलं. तू इथे असतास तर कान लावून बसला असतास. असो.

आता दुसरी गोष्ट. तो कंत्राटदार शेठ, परीक्षितचा मालक, तीन शुक्रवारांपूर्वी सरावाला आला. पांढरी गाडी, पांढरे बूट. मला म्हणाला, "वहिनी, सहाशे पूर्ण मी देतो. रोख. वर एक वर्ष माझ्या गोदामात ढोल फुकट ठेवा, एसीसकट. मला काय हवंय? बुडीत गेलेला तो पहिला ढोल. आणि चामड्यावर माझ्या कंपनीचं नाव."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुयोगच्या डोळ्यांत तर मला गाळ्याचं भाडं सरळ सरळ दिसत होतं. विठू, खरं सांगते, मी एक श्वासभर विचार केला. एसीसकट म्हणाला ना तो. मग वाटलं, नाव चामड्यावर म्हणजे जिथे टिपरू पडतं तिथे. म्हणजे प्रत्येक ठोका त्याच्या नावावर. लेझीम खेळणाऱ्या पोरींनी, विसर्जनाच्या भक्तांनी, सगळ्यांनी वर्षभर त्याची जाहिरात ऐकायची.

मी म्हटलं, "शेठ, आम्ही भुकेले आहोत, पण आमचं पोट चामड्याचं आहे. त्यावर नाव लिहीत नाहीत."

तो गेला. आणि आपलेच लोक माझ्यावर उसळले. सुयोग म्हणाला, अंड्यांच्या दुकानात वाजवलं तेव्हा मान कुठे गेला होता? मी म्हटलं, तिथे त्यांनी वाजवणं विकत घेतलं, ढोल नाही. फरक कळत नसेल तर सरावाला येऊ नकोस. तो दोन आठवडे आला नाही. आज आला. मीही त्याला भजी दिली.

ज्योत्स्ना मात्र मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाली, "रत्नाताई, एक सांगा. हा शेठ म्हणतो, गेल्या वर्षी त्यानं बोली लावायला कोणालाच सांगितलं नव्हतं. मग परीक्षित कोणासाठी बोलत होता?"

मी म्हटलं, मला सराव घ्यायचाय.

आक्का

उम्म अल हस्सम, ८ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

विठू,

हे पत्र तू वाचलंच पाहिजेस. आधीची तीन चुलीत घातली असलीस तरी चालेल.

परीक्षित माझ्यासाठी बोली लावत होता.

लिहून झालं. आता बाकीचं.

गेल्या सप्टेंबरात गाळ्याचं चार महिन्यांचं भाडं थकलं होतं. दोनशे चाळीस दिनार. मालक कुलूप बदलणार होता. गाठीचे दोनशे नव्या ढोलांसाठी राखलेले; मोठ्या बोलीची वही दाखवली असती तर तो थांबला असता. तुला मी सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास, पथक बंद करू पण भीक मागणार नाही. लिलावाच्या आधी मी परीक्षितला जिन्यात गाठला. म्हटलं, तुझ्या शेठचा माणूस म्हणून विठू तुला ओळखतो, आणि शेठ त्याच्या डोक्यात जातो. तू बोली चढवत राहा, विठू पेटेल. दोनशे चाळीस झाले की मी हातातला नारळ खाली ठेवीन. नारळ खाली गेला की तू गप्प बसायचं.

परीक्षित पस्तीस वर्षांचा माणूस, बायकोवाला, दुसऱ्यांचे हिशेब तपासतो. पण मला मावशी म्हणतो ना. तो "बरं" म्हणाला.

दोनशे चाळीस झाले. तुझ्याच तोंडून. परीक्षितनं माझ्याकडे पाहिलं. आणि विठू, मी नारळ खाली ठेवला नाही.

तीनशेला ठेवला नाही. चारशेला नाही. तो दर वेळी माझ्याकडे बघत होता, घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि मी नारळ छातीशी धरून उभी. मला बारा नवे ढोल दिसायला लागले होते. आणि सगळा हॉल तुझं नाव घेत होता. विठ्ठल! विठ्ठल! तुला मी सांगू, मला तेव्हा अभिमान वाटत होता, मेल्या. एसी दुरुस्त करणारा माझा भाऊ, कोणाच्या बापाला ऐकत नाही, सहाशे बोलतो. तुझ्या खिशात काय आहे, ते त्या क्षणी माझ्या मनात आलंच नाही. माझ्यासमोर तू होतास आणि टाळ्या होत्या.

म्हणजे तुला पळवणारी मी. आणि तुलाच पहिल्या पत्रात विचारलं, गेलास की पळालास. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मला वाटलं होतं, झाकून राहील. पण परवा परीक्षित घरी आला, बायकोला घेऊन. म्हणाला, "मावशी, पुढच्या शुक्रवारी विठ्ठलमामांचं नाव फळ्यावर लावणार आहेत. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो. मला त्यांच्या नावाखाली उभं राहून ढोल वाजवता येणार नाही." त्याची बायको शेजारीच बसली होती. तिनं नुसता माझ्या हातचा चहा बाजूला ठेवला.

मी कोणाच्या दमदाटीला भीत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण त्या कपाला भ्याले.

मग ठरवलं. फळ्यावर नाव लागेल ते माझं. पुढच्या शुक्रवारी मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार आहे. पण सगळ्यांच्या आधी तुला सांगितलं पाहिजे, म्हणून ज्योत्स्नाचा भाऊ उज्ज्वल आज रात्रीच्या विमानानं जातोय, त्याच्या हाती हे देतेय. त्याला सांगितलंय, हातात दे, खिशात घालू देऊ नकोस, समोर उभा राहा.

माफी मागू? मागते. तुझी मागते, लक्ष्मीची मागते. त्या पाकिटाची मागते. पण भाडं थकलं होतं म्हणून मी काहीतरी केलं, त्याची मागणार नाही. हातावर हात ठेवून बसले असते तर तुझे ढोल केव्हाच भंगारात गेले असते. चूक नारळाची झाली. तो वेळेवर खाली ठेवायला हवा होता.

आक्का

उम्म अल हस्सम, ७ सप्टेंबर २०२५, रविवार

विठू,

उज्ज्वल म्हणाला, तू त्याच्यासमोर अख्खं पत्र उभ्यानं वाचलंस, घडी घातलीस आणि गोठ्याकडे निघून गेलास. लक्ष्मीनं चहा दिला. ती काठीशिवाय चालत होती म्हणाला. बरं वाटलं.

काल चतुर्दशी झाली. आज पहाटे पाचला बसवर गेले तेव्हा हातपाय शिसं झाले होते. पोरं म्हणाली, "आंटी, यू लुक टेरिबल." म्हटलं, थँक्यू. दुपारी आले ती जेवणाआधी हे लिहायला बसले.

तर पंधरा ऑगस्टच्या शुक्रवारी मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. जिना, परीक्षित, नारळ, सगळं. परीक्षितचं नाव घेताना म्हटलं, त्याला बोल लावायचा नाही, डोकं माझं होतं. चाळीस माणसं ऐकत होती. मग सुयोग उठला, "मग पथक बंद करा. विश्वास उरला नाही." दोघं-तिघं माना हलवायला लागले.

तेव्हा माझी सटकली. म्हटलं, "दंड करा, मी भरीन. फळ्यावर नाव लावा, मीच लिहून देते, माझं अक्षर बरं आहे. पण पथक बंद करा म्हणणाऱ्याला मी आयुष्यात घोटभर पाणी विचारणार नाही. खोटी बोली मी चढवली. ढोलांनी काय केलंय?"

ज्योत्स्नानं वही उघडली. तिनं दंड ठरवला. एक वर्ष रत्नाताईंनी ताशाला हात लावायचा नाही. मिरवणुकीत पाणी वाटायचं. विठ्ठलभाऊंची बोली रद्द. पुढे लिलाव नाही, ज्याच्या कमरेला जो ढोल, त्यानं तो हप्त्याहप्त्यानं सोडवायचा. वर्गणी तीनच दिनार राहील, पण बुडवायची नाही. हात वर करा. हात वर झाले. सुयोगचा सगळ्यात शेवटी, पण झाला. त्या रीतीनं कालपर्यंत आणखी चार ढोल सुटले. दोन अजून गोदामात आहेत. कार्गोवाल्याला दिवाळीपर्यंत थांबवलंय.

काल क्लबच्या आवारात संध्याकाळी साडेपाचला मिरवणूक उभी राहिली. हवा अशी, की श्वास घ्यावा तर भिजलेलं फडकं तोंडावर. मी पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन बाजूला. ताशावर परीक्षितला उभा केला, माझाच ताशा. त्याच्या कमरेला पट्टा मीच आवळला. सगळे तयार. झेंडा वर. बाप्पा गाडीवर. आणि कोणी सुरू करेना.

कळतंय का तुला? मान रद्द झाला होता. पहिला ढोल कोणाचाच नव्हता. चोवीस माणसं कमरेला ढोल बांधून उभी, टिपरं हातात, आणि एकाचाही हात वर जाईना. उद्या कोणी म्हणायला नको, ह्यानं फुकटात मान लाटला. सुयोग ज्योत्स्नाकडे बघतोय, ज्योत्स्ना वहीकडे. वहीत काही लिहिलेलं नव्हतं. झुबेरनं मधेच तुला फोन लावला. तू कापलास. पुन्हा लावला, पुन्हा कापलास. पांढऱ्या बुटांचा शेठ पुढच्या रांगेत हाताची घडी घालून उभा होता. हसत होता. मला ते हसू सहन होईना.

मला ताशाला हात लावायला बंदी होती. तोंडाला बंदी नव्हती.

मी क्रेट खाली ठेवला, त्याच्यावर चढले आणि गेल्या वर्षी लिलाव पुकारला होता तशी ओरडले, "एक वार!"

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"दोन वार!"

टिपरं वर गेली. सगळी. सुयोगचं, ज्योत्स्नाचं, त्या दहा नव्या ढोलांवरची, जुन्यांवरची. मी थांबले. मुद्दाम थांबले, विठू. शेठचं हसू पुसलं जाईपर्यंत थांबले.

"तीन वार!"

आणि सगळे ढोल एकदम पडले. एकाचा पहिला नाही, दुसऱ्याचा दुसरा नाही. एकच ठोका. क्लबच्या काचा वाजल्या, बाहेर पार्किंगमधल्या तीन गाड्यांचे अलार्म सुरू झाले. मी क्रेटवर उभी राहून रडत होते आणि शिव्या घालत होते, तुला, मला, त्या नारळाला. मग लोकांना तहान लागली आणि मी खाली उतरले. दोनशे सोळा बाटल्या वाटल्या. सुयोगलाही दिली. आयुष्यात देणार नाही म्हटलं होतं, पण तो तोंड उघडं टाकून समोर उभा राहिला, काय करणार.

आता कामाचं. सोबत पावती जोडली आहे. ज्योत्स्नाच्या अक्षरात आहे, तिची आणि माझी सही आहे. सहाशे दिनारची बोली रद्द, येणं काही नाही. ती जपून ठेव किंवा फाड. लक्ष्मीला आधी दाखव.

पण पावतीच्या मागे बघ. मागे मी लिहिलंय. मार्च ते सप्टेंबर, सात महिने, महिना तीन दिनार, एकवीस दिनार वर्गणी बाकी. ती रद्द केलेली नाही. ज्योत्स्ना म्हणाली, गेलेल्या माणसाचं नाव यादीतून काढायचं असतं. मी म्हटलं, काढून तर बघ.

तेव्हा एकवीस दिनार तू देणं लागतोस. ऑक्टोबर लागला की चोवीस होतील. ते मी सोडणार नाही.

आशीर्वाद. पूर्ण दिला.

आक्का